माइक तपासताना बोललेलं

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी ह्यांनी दिली. औषधाच्या कंपनीकडून दोन आल्या होत्या. एक सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा लिहायला गेली, दुसरी माझ्या गळ्यात पडली. देताना म्हणाले, "रोज संध्याकाळी मला सगळं सांगण्यापेक्षा यात लिहीत जा. विसरायचं नाही मग." माझ्या विसरण्याची काळजी ह्यांना कधीपासून लागली कोण जाणे. काळजी बातम्यांची आहे. मी बोलायला लागले की निवेदिका काय म्हणते ते ऐकू येत नाही.

तर लिहिण्यासारखं हे, की आजपासून मी विद्यापीठाच्या सभागृहाची समन्वयक. माइक, पडदा, प्रोजेक्टर, दिवे, पाहुणे, त्यांचे लॅपटॉप आणि त्या लॅपटॉपना न बसणाऱ्या वायरी, सगळं माझ्याकडे. याआधी वीस वर्षं परीक्षा विभागात काढली, तळघरात. गोपनीय विभाग, त्यामुळे कामावर बोलायला मनाई. मुलांची नावंसुद्धा दिसायची नाहीत, नुसते आसन क्रमांक. माझ्यासारख्या बडबड्या बाईला तिथे कोणी आणि का घातलं, तेही शेवटपर्यंत गोपनीयच राहिलं.

आधीचे ध्वनिवाले मास्तर निवृत्त झाले. त्यांनी अर्ध्या तासात सगळं हाती दिलं. मागच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं, समोर बटणांचा भला मोठा फलाटच्या फलाट. मास्तर म्हणाले, यातली निम्मी बटणं मलाही माहीत नाहीत, घाबरू नका. एकच गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "हॅलो हॅलो, वन टू थ्री म्हणणारा माणूस माइक तपासत नाही, नुसती हाक मारतो. प, फ, ब आले की माइक फुटतो का, स, श आले की शिट्टी वाजते का, हे कळायला माणसाशी बोलावं तसं बोलावं लागतं. रोज सकाळी, कार्यक्रम असो वा नसो."

मी विचारलं, कोणाशी बोलायचं? म्हणाले, खुर्च्यांशी. त्या उठून जात नाहीत.

बटणांच्या खाली कपाटात एक छोटा डबा आहे, त्याचा हिरवा दिवा सारखा जळत असतो. हा कसला, विचारलं तर मास्तर म्हणाले, चालू आहे ना, मग हात लावू नका. नंतर दिवेभाऊंनी खुलासा केला. दिवेभाऊ म्हणजे हॉलची वीज आणि दिवे सांभाळणारे, खरं नाव कोणी वापरत नाही. ते म्हणाले, पुढच्या रांगांच्या गालिच्याखालून आणि रंगमंचाच्या कडेनं या डब्याची एक तार फिरवली आहे. कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्राला एक बटण असतं. ते दाबलं की बाहेरचा कल्ला बंद आणि माइकमधलं बोलणं तारेतून थेट कानात. बसवली तेव्हा मोठा समारंभ केला होता म्हणे. पण पुढच्या रांगा पाहुण्यांसाठी राखीव, आणि पाहुणे ऐकायला थोडेच येतात. त्यामुळे ती तार कोणी वापरल्याचं दिवेभाऊंना आठवत नाही.

आणखी एक नियम. पुढच्या रांगांच्या बरोबर खाली कुलसचिवांची खोली आहे, म्हणून तिथे खुर्च्या ओढायच्या नाहीत. हा नियम कशासाठी, देव जाणे. साहेबांच्या दोन्ही कानांना यंत्र आहे, तरी त्यांना फारसं ऐकू येत नाही असं सगळे म्हणतात. बोलतात त्याहून कमी. सगळ्यांनी त्यांचं नाव कुलूपसाहेब ठेवलंय, विद्यार्थ्यांनीसुद्धा.

माझी नेमणूक त्यांच्याच हातात आहे. एक मार्चला पदवीदान समारंभ. तो नीट झाला तर हॉल माझा. नाही झाला तर हॉल बाहेरच्या कंपनीकडे चालवायला जाणार आणि मी परत तळघरात. मला तळघरात जायचं नाही. हे एक वाक्य ह्या डायरीत ठळक लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिला कार्यक्रम. रसायनशास्त्राचं चर्चासत्र. तोंडावर पडले.

विभागप्रमुख स्वागताचं भाषण करत होते. मला रंगमंचावरचा उजेड जरा कमी करायचा होता. दिव्यांचं बटण आणि पडद्याचं बटण शेजारी शेजारी, दोन्ही काळी. मी दाबलं आणि पडदा खाली यायला लागला. तो मध्येच थांबत नाही, पूर्ण उतरला की मगच वर जातो. विभागप्रमुख रंगमंचावर मागच्या बाजूला उभे होते, पडदा त्यांच्या आणि प्रेक्षकांच्या मधोमध. पण ते कागदावरून नजर वर न उचलता वाचणारे. पडद्यामागून त्यांनी "आपल्या सर्वांचे चेहरे पाहून आनंद होतो" हे वाक्य पूर्ण केलं.

हॉल हसून लोटपोट. कुलूपसाहेब पहिल्या रांगेत. त्यांनी मागे वळून काचेकडे एकदा पाहिलं आणि परत पुढे बघायला लागले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर सांगायला सुरुवात केली. हे म्हणाले, "लिहिलंस का?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी माइक तपासताना खुर्च्यांना कालची सगळी गोष्ट सांगितली, विभागप्रमुखांच्या आवाजासकट. माइक अजिबात फुटत नाही, प आणि फ दोन्ही उत्तम. सांगता सांगता मलाच हसू आलं. मग हेही सांगितलं की दोन बटणं एकाच रंगाची ठेवणाऱ्याला माझ्या जागेवर बसवलं पाहिजे. त्यातून माझी जागा म्हणजे परीक्षा विभागातून आणलेलं स्टूल, पाठ टेकायची सोय नाही. संध्याकाळपर्यंत कंबर स्वतंत्रपणे घरी जाते.

भिंतींनाही कान असतात म्हणतात. असते तर एव्हाना त्या चालत्या झाल्या असत्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज एक नवल. केबिनमध्ये पाठीची, हातांची, चाकांची खुर्ची. शिपाई म्हणाला, साहेबांनी पाठवली. सोबत लाल आणि पिवळ्या चिकटपट्टीची दोन रिळं.

मी दिवेभाऊंना विचारलं, तुम्ही अर्ज केला होता का? ते म्हणाले, मी नव्या शिडीसाठी तीन वर्षांपूर्वी केला होता, तिचं काय झालं ते विचारा. मग मला वाटतं कुठल्यातरी विभागातली जास्तीची खुर्ची असणार. सरकारी वस्तूंचं असंच असतं, मागितलं की मिळत नाही, न मागता दारात उभी. चिकटपट्टीचं मात्र कोडं आहे. दिव्यांना पिवळी लावली, पडद्याला लाल.

आजच्या तपासणीत कुलूपसाहेबांची नक्कल केली. अवघड नाही. त्यांच्याकडे तीनच शब्द आहेत, बघू, ठेवा आणि या. कोणी मरणाची बातमी घेऊन गेलं तरी तेवढ्यात भागवतील. नक्कल चांगली जमली, खुर्च्यांनी दाद दिली असं धरते.

दुपारी त्यांच्याचकडे माइकच्या सेलसाठी सही हवी होती. मी ओरडून सांगितलं, "साहेब, सेल." त्यांच्याशी सगळे ओरडूनच बोलतात. ते म्हणाले, बघू. मग म्हणाले, ठेवा. मग माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, या. ओठाचा कोपरा जरा हलला. पित्त झालं असावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीचा माणूस येऊन गेला. गळ्यात ओळखपत्र, हातात लाल किरण सोडणारं मोजमाप यंत्र. अख्खा हॉल मोजला. म्हणाला, मॅडम, आमच्याकडे सगळं एका टॅबवरून चालतं. माणूस हॉलमध्ये नसला तरी चालतो. मी म्हटलं, मग ऐकतं कोण? तो म्हणाला, ऐकण्याचा काय प्रश्न, आवाजाची पातळी आलेखात दिसते. समारंभाच्या दिवशी बाहेरच्या दालनात ते स्वतःचा मोठा स्क्रीन लावून दाखवणार आहेत, जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी. साहेबांनी परवानगी दिली. म्हणजे निकाल लागल्यासारखाच.

तो सकाळीच येऊन गेला, म्हणून माइक उशिरा तपासले. आज विनोद सुचेना. खुर्च्यांना खरं ते सांगितलं, की मला ध्वनीतलं शास्त्र काही कळत नाही. पण इथे आल्यापासून मी सकाळी घाईनं निघते. तळघरात होते तेव्हा रस्ता लांबवत जायची. वीस वर्षं बोलणं पोटात साठवलं, घरी न्यायचं तर घरी बातम्या. हे वाईट नाहीत हो, नुसते ऐकत नाहीत. सासूबाई ऐकतात, पण ऐकता ऐकता झोपतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे, त्या घाबरल्यात आणि मला म्हणतात की तूच घाबरलीस. खरं आहे ते.

इतकं सगळं कोणाला न सांगता सांगून झालं. बरं वाटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सोमवार-मंगळवार रजा, काल शिवजयंतीची सुट्टी. सासूबाईंची शस्त्रक्रिया छान झाली. डोळ्यावर पट्टी आहे आणि हुकूम दुप्पट.

आज आले तर शिपाई म्हणाला, दोन्ही दिवस सकाळी साहेबांनी विचारलं, वर हॉल बंद आहे का? मंगळवारी तर स्वतः जिना चढून आले, रिकाम्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत थोडा वेळ बसले आणि गेले. माझं धाबं दणाणलं. रजेचा अर्ज दिला होता तरी हजेरी घ्यायला जातीनं येतात म्हणजे काय समजायचं?

जिन्यातच भेटले. साहेब बोलतात कमी, पण बोलले की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, स्वतःचा आवाज कळत नसणार. दिवेभाऊ सांगतात, पूर्वी हे माइकशिवाय अख्खा हॉल भरायचे, सूत्रसंचालन त्यांचंच असायचं. कान गेले तसं सोडलं. ते गरजले, "सासूबाईंचा डोळा कसा आहे?"

मी बरा आहे म्हटलं आणि वर आल्यावर खुर्चीत बसून विचार केला. अर्जात मी नुसतं 'घरगुती कारण' लिहिलं होतं. डोळ्याचं इथे कोणालाच सांगितलं नव्हतं. दिवेभाऊंना मात्र ओझरतं म्हणाले होते. म्हणजे हा माणूस माझ्या घरच्या गोष्टी खाली पोचवतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दिवेभाऊंना सुनावलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, वरचं खाली करायची सवय वायरींपुरती ठेवा. त्यांनी शिडी उचलली आणि दुसऱ्या टोकाचे दिवे पुसायला गेले, जे गेल्याच आठवड्यात पुसले होते.

आज सकाळी चैन पडेना. माइकवर सगळं ओकून टाकलं. म्हटलं, माझं चुकलं असेल, नसेल, पण समारंभ आठवड्यावर आला आणि दिव्यांचा माणूस माझ्याशी बोलत नाही. माफी मागायला जावं तर तो शिडीवर, आणि मान वर करून माफी मागता येत नाही, मान आखडते.

दुपारी साहेबांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. समोर दोन कप चहा ठेवलेला. आम्ही बसलो, तेवढ्यात ते म्हणाले, "फोन आलाय. तुम्ही बोला," आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. चहा निवायला लागला. शेवटी मी म्हटलं, दिवेभाऊ, मी जास्त बोलले. ते म्हणाले, जास्त तर तुम्ही रोजच बोलता, पण तुमच्या सासूबाईंचं मी कोणाला सांगितलं नाही, माझ्या आईची शपथ. मला खोटं वाटलं नाही. मग आम्ही दोघांनी मिळून पदवीदानाच्या दिव्यांचा सगळा क्रम ठरवला आणि साहेबांच्या टेबलावरच्या बिस्किटांचा समाचार घेतला.

रात्री जेवताना लक्षात आलं, साहेब फोनवर बोलतच नाहीत. त्यांना फोन ऐकू येत नाही. मग कोणाचा आला होता? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "कोणाचा कोणाला?"

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कामाची धांदल. फक्त एक नोंदवते, दिवेभाऊंना नवी शिडी आली. तीन वर्षांनी. मी सोमवारी माइकवर तिच्यासाठी अर्धा तास रडगाणं गायलं होतं, आणि आज ती आली. माझ्या जिभेवर काहीतरी बसलंय असं दिवेभाऊ म्हणतात. मी म्हटलं, बसलंय ते उठतच नाही, तीच तर तक्रार आहे घरच्यांची.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या समारंभ. रंगीत तालीम झाली. सगळे माइक दोनदा तपासले.

तपासताना एक मनातलं बोलले. वीस वर्षं मी या मुलांना आकड्यांनी ओळखलं. उद्या ती प्रत्यक्ष येतील, पण मला काचेतून पाठी दिसणार. त्यांच्या घरच्यांनाही पाठीच दिसणार, कारण मुलं पुढे आणि आईवडील मागे. ज्यांनी वर्षानुवर्षं डबे भरले, पहाटे उठवलं, त्यांच्याकडे पाठ करून पदवी घ्यायची. मी कुलसचिव असते तर सगळ्यांना एकदा उठून मागे वळायला लावलं असतं. पण मी कुलसचिव नाही, आणि जे आहेत ते 'बघू' म्हणतील.

मग दिवेभाऊंच्या नव्या शिडीचा किस्सा सुरू केला. ती त्यांनी पहिल्या दिवशी उघडली आणि ती मिटेचना, तशी उघडी घेऊन ते लिफ्टपाशी गेले. तेवढ्यात फुलवाला आला, फुलदाण्या कुठे ठेवू म्हणून, आणि किस्सा अर्धाच राहिला.

कंपनीवाल्यांनी बाहेर स्क्रीन उभा केला. दारापेक्षा मोठा आहे. उद्याचं उद्या.

१ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहिते.

हॉल खच्चून भरला. पुढच्या भागात काळे झगे घातलेली मुलं, मागे घरचे, बाहेरच्या दालनात उरलेले. पहिला तास लोण्यासारखा गेला. दिवे दिवेभाऊंच्या हातात, माइक माझ्या. पाहुणे भाषणाला उभे राहिले, आणि बाहेर कंपनीवाल्यांनी त्यांचा स्क्रीन पूर्ण उजळला.

ठक् असा आवाज झाला आणि हॉलमधला आवाज गेला. दिवे होते, माझी बटणं चालू होती, पण भिंतीवरचे सगळे स्पीकर मुके. स्क्रीनची वायर त्यांनी आमच्या ध्वनीच्या लाइनवर लावली होती, हे नंतर कळलं. दिवेभाऊ काचेवर टकटक करून हातानं 'पाच मिनिटं' म्हणाले आणि विजेच्या पॅनेलकडे पळाले.

पाच मिनिटं म्हणजे काय असतं ते आज कळलं. पाहुणे माइकवर बोट वाजवताहेत. काहीच होत नाही. मागून कुजबुज, मग कल्ला. कोणी उठून दाराकडे निघालं. कंपनीवाला आत येऊन मान वर करून माझ्याकडे बघतोय, चेहऱ्यावर अगदी सहानुभूती. मला तळघराचा जिना दिसायला लागला. त्याच्या पायऱ्यांना बसणारी ओलसुद्धा नाकात आली.

माझ्यासमोर केबिनमधला माइक असतो, सूचना द्यायला. तो स्पीकरविना निरुपयोगी, पण माझी सवय. मी त्याच्यावर तोंड टेकवून पुटपुटले, "कुलूपसाहेब, उठा हो. एवढा तुमचा आवाज, तो कधी कामाला येणार? माइक लागत नाही तुम्हाला. पाच मिनिटं सांभाळा. मुलांना मागे वळायला लावा, काहीही करा, पण मला खाली पाठवू नका."

रंगमंचाच्या कडेच्या खुर्चीत साहेब बसले होते. त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्या काचेकडे पाहिलं. मग उठले, पाहुण्यांना हात जोडून खाली बसवलं, पुढे आले.

"विद्यार्थी मित्रहो," ते म्हणाले, आणि शेवटच्या रांगेतला मुलगा हातातला फोन खाली ठेवून बसला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. "माइक थकलाय, मी थकलेलो नाही. सगळ्यांनी उठून उभं राहा. आता मागे वळा. ज्यांनी वर्षानुवर्षं तुमचे डबे भरले आणि तुम्हाला पहाटे उठवलं, ते तिकडे बसलेत. सकाळपासून तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसला आहात."

मुलं वळली. आणि मला काचेतून सगळ्यांचे चेहरे दिसले. एकदम, इतके. कोण हसत होतं, कोण रडत होतं, एक मुलगी हातानं टोपी सांभाळत आजीला शोधत होती. मागे एक गृहस्थ खुर्चीवर उभे राहून हात हलवायला लागले. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मी रडले, लपवत नाही.

टाळ्या ओसरल्यावर साहेब म्हणाले, "बघू, ठेवा आणि या, यापलीकडे कुलूपसाहेबांना बोलता येतं, हे आज सगळ्यांनी नोंदवून घ्यावं."

हॉल कोसळला हसून. मी हसले नाही. मी थंडगार पडले. टोपणनाव सगळ्यांना माहीत आहे, त्यांच्याही कानावर कधीतरी गेलं असेल. पण ते तीन शब्द, त्या क्रमानं, मी फक्त माइकवर म्हटले होते. डबे आणि पहाटही. मी खाली वाकून कपाटात पाहिलं. स्पीकर मेलेले, आणि छोट्या डब्याचा हिरवा दिवा जळतोय.

दिवेभाऊंनी लाइन जोडली, आवाज आला, पुढचं सगळं पार पडलं. मला त्यातलं काही आठवत नाही. मी मनातल्या मनात सहा फेब्रुवारीपासूनची प्रत्येक सकाळ परत ऐकत होते. नक्कल. स्टूल. कंबर. हे. सासूबाई. ध्वनीतलं मला काही कळत नाही, हेसुद्धा मीच सांगून बसलेय.

घरी आले आणि बोलायला लागले. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालूच ठेवलं, पण तेवढं चालायचंच. सासूबाई शेवटपर्यंत जाग्या होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस एक तरी माणूस ऐकत होता."

३ मार्च, सोमवार

सकाळी केबिनमध्ये गेले. माइक चालू केला. मग म्हटलं, "हॅलो. वन. टू. थ्री." मास्तरांनी ऐकलं असतं तर निवृत्तीतून परत आले असते.

दुसरा माइक. हॅलो, वन, टू, थ्री. तिसऱ्यावर टूपाशीच थांबले.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. साहेब आत आले आणि तिसऱ्या रांगेत बसले. मी खाली उतरून त्यांच्यापुढे उभी राहिले. जे काय असेल ते उभ्यानं ऐकावं म्हणून. त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

"आज माइक बिघडलेत का?" त्यांनी विचारलं. हळू बोलण्याचा प्रयत्न करत होते, तरी हॉलभर ऐकू आलं.

मी मोठ्यानं ओरडून म्हटलं, साहेब, मला माहीत नव्हतं, माफ करा. त्यांनी हात वर केला, तशी मी थांबले.

"ओरडू नका. ओठ दिसतात मला." मग त्यांनी सांगितलं. गालिच्याखालच्या तारेतला आवाज जसा वर जातो तसा खालीही झिरपतो, हॉलमध्ये कार्यक्रम असला की खाली खोलीत बसून ते भाषणं ऐकतात. मास्तर सकाळी माइकवर पंचांग वाचायचे, रोज तेच. फेब्रुवारीत एकदा बटण दाबलं तर पडद्याची गोष्ट कानात आली. त्या दिवसापासून सकाळच्या बैठका त्यांनी दुपारी नेल्या.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर आजच्यासारखं वन टू थ्री झालं असतं."

ते समोरच्या रिकाम्या रंगमंचाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लोक माझ्याशी मोठ्यानं बोलतात. मोठ्यानं बोलायचं म्हणून थोडंच बोलतात. सेल. सही. जेवलात का. घरीसुद्धा तसंच. डोळा, कंबर, शिडी, असलं मला पंधरा वर्षांत कोणी सांगितलेलं नाही."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. एवढंच की गेला महिनाभर मला वाटत होतं, बोलायला माणूस नाही म्हणून मी खुर्च्यांशी बोलते. तिथे खाली एक माणूस वर बघत बसलेला होता.

उठताना ते कामाचं बोलले. कंपनीला नकाराचं पत्र गेलं. हॉल माझ्याकडे, कायम. पुढच्या रांगेतल्या दहा जागा यापुढे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, पाहुण्यांनी कुठेही बसावं. मी हो म्हटलं, सगळ्याला. ते दाराशी गेल्यावर मला आठवलं की माइक अजून तपासलेच नाहीत. मी म्हटलं, साहेब, आता सगळं कळल्यावर मला बोलायचं कसं सुचणार? कुठून सुरुवात करू?

ते वळले. "शुक्रवारी शिडी लिफ्टपाशी आली होती," म्हणाले. "पुढे काय झालं?"

ते जिना उतरले. खाली दार लागल्याचा आवाज आला. मी केबिनमध्ये गेले, माइक जवळ ओढला आणि शिडी लिफ्टमध्ये घातली.